थंडी साठवून ठेवता येते का?



मागील वर्षी मार्च महिन्यात दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या सभागृहात जादा तास चालू होते. दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली. पंखे थांबले. पंधरा-वीस मिनिटांत दोन मुलींना घेरी आली. त्यांना खाली व्हरांड्यात आणून लिंबू-साखरेचे पाणी दिले, थोड्या वेळाने त्या ठीक झाल्या. त्या दिवशी काही वाईट घडले नाही, पण घडू शकले असते हे आम्ही विसरलेलो नाही.

त्यानंतरच्या पालक सभेत साहजिकच हा विषय निघाला. सभागृहात एसी बसवावेत, अशी सूचना आली. विश्वस्तांपैकी काहींनी वीजबिलाची आणि वाढीव वीजजोडणीची चिंता बोलून दाखवली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पालक उठले. ते उन्हाळ्यात हमरस्त्यावर रसवंती चालवतात. ते म्हणाले, "सर, बर्फाचा कारखानावाला रात्री बर्फ तयार करतो, मी दिवसा वापरतो. शाळेला तसं का जमू नये? रात्री थंडी भरून ठेवायची, दिवसा काढायची."

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. घरी गेल्यावर मात्र वाटले की प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या पालकांनी जे सांगितले ते जगभर मोठमोठ्या इमारतींत चालू आहे. ते नेमके काय आहे, आपल्या शाळेला त्याचा उपयोग होईल का, आणि होणार नसेल तर का नाही, हे सर्वांना समजावे म्हणून हा लेख. त्या पालकांचे उत्तर द्यायचे राहिले होते, तेही यात आले.

उष्णता आत जाते, पारा हलत नाही

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे पुस्तकात 'गुप्त ऊष्मा' असा शब्द होता. मराठी पुस्तकात त्याला 'अप्रकट उष्मा' किंवा 'सुप्त उष्णता' म्हणतात. तिन्ही शब्दांचा भाव एकच: लपलेली उष्णता. १७६० च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रथम नीट ओळखली.

आठवीच्या वर्गात आम्ही हा प्रयोग दरवर्षी करतो. स्टीलच्या पेल्यात ठेचलेला बर्फ घ्यायचा, त्यात तापमापी ठेवायची आणि पेला टेबलावर ठेवून द्यायचा. बाहेर ३५ अंश तापमान आहे, खोलीतील उष्णता सतत पेल्यात शिरते आहे, तरी पारा शून्याजवळच राहतो. पाच मिनिटे झाली, दहा झाली, तरी तेच. बर्फाचा शेवटचा तुकडा वितळेपर्यंत पारा वर चढत नाही. मग मात्र भराभर चढू लागतो. मुले हमखास विचारतात, "सर, मग इतका वेळ उष्णता गेली कुठे?"

ती बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाली. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून रांगेत बसलेले असतात. ती पकड सोडवण्यासाठी ऊर्जा लागते. पकड सुटेपर्यंत तापमान वाढत नाही.

आता आकडे पाहू. १ किलो पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. पण शून्य अंशावरील १ किलो बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी करायला ८० किलोकॅलरी लागते. म्हणजे जेवढ्या उष्णतेत बर्फ नुसता वितळतो, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत, चहाच्या आधणाजवळ, पोचले असते. बर्फाच्या छोट्या तुकड्यात 'थंडी' एवढी ठासून का भरलेली असते, ते यावरून कळेल. थंडी म्हणजे वेगळा पदार्थ नव्हे. उष्णता गिळण्याची रिकामी जागा म्हणजे थंडी. रात्री यंत्राने ती जागा रिकामी करायची आणि दिवसा इमारतीतील उष्णतेने ती भरू द्यायची, एवढेच त्या रसवंतीवाल्या पालकांचे म्हणणे होते.

आपल्या जुन्या घरांत दुसरा प्रकार चालत असे. हुमनाबादेत अजून काही माळवदाची घरे उभी आहेत. जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर. अशी भिंत रात्री गार होते आणि दिवसा हळूहळू तापते, म्हणून दुपारी आत बरे वाटते. बिदरच्या किल्ल्यातील जांभ्या दगडाच्या जाड भिंतींजवळ उभे राहिले की हाच अनुभव येतो. पण तेथे भिंतीची अवस्था बदलत नाही, फक्त तापमान बदलते. त्यामुळे थोडी थंडी साठवायला पुष्कळ वजनाची भिंत लागते. अवस्था बदलणारा पदार्थ घेतला की थोड्या वजनात काम होते. अशा पदार्थांना 'फेज चेंज मटेरियल' किंवा थोडक्यात पीसीएम म्हणतात. बर्फ हा त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त.

एसीचा 'टन' कोठून आला?

दुकानात आपण दीड टनाचा एसी मागतो. घरी आणून वजन केले तर तो दीड टन भरत नाही! मग हा टन कसला? हा टन बर्फाचा आहे. यंत्राने थंडी करण्याआधी इमारती आणि माल थंड ठेवायला बर्फच वापरत. नवे यंत्र आल्यावर लोक विचारत, "हे किती बर्फाचे काम करील?" एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर टाकणारे यंत्र 'एक टनाचे'. आजच्या मापात ते सुमारे साडेतीन किलोवॅट होते. दीड टनाचा एसी दिवसभर चालला तर तो १,३६० किलो बर्फाचे काम करतो.

बर्फाने खोली गार करण्याचा एक प्रसिद्ध प्रसंग १८८१ सालचा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती आणि वॉशिंग्टनमध्ये कडक उन्हाळा होता. नौदलाच्या अभियंत्यांनी बर्फाच्या पाण्याने भिजवलेल्या कापडांमधून पंख्याने हवा सोडून त्यांची खोली गार ठेवली. राष्ट्राध्यक्ष वाचले नाहीत, पण युक्ती चालली.

मुंबईहून सुटणारी बर्फाची गाडी

एवढ्या दूर कशाला जायचे? आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे, आणि ते चाकांवरचे आहे.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १९२८ साली मुंबई ते पेशावर अशी 'फ्रंटियर मेल' सुरू केली. विलायतेहून बोटीने आलेले साहेब लोक मुंबईला उतरत आणि या गाडीने वायव्य सरहद्दीकडे जात. राजपुताना आणि पंजाबचा उन्हाळा डब्यात बसून काढणे म्हणजे शिक्षाच. १९३४ साली या गाडीला वातानुकूलित डबा जोडला गेला. हिंदुस्थानातील रेल्वेत ही सोय नवीन होती. त्या डब्यात आजच्यासारखे कॉम्प्रेसर नव्हते. डब्याच्या खाली बंदिस्त कप्पे होते आणि त्यांत बर्फाच्या लाद्या भरत. त्यांवरून जाणारी गार हवा पंख्याने डब्यात सोडत. वाटेत ठरावीक स्थानकांवर वितळलेले पाणी काढून नव्या लाद्या भरल्या जात.

मुलांनो, या व्यवस्थेकडे नीट पाहा. यंत्र गाडीत नव्हते, स्थानकाजवळच्या बर्फाच्या कारखान्यात होते. कारखान्याने आपल्या सोयीच्या वेळी थंडी तयार केली, लादीत साठवली आणि गाडीने ती हवी तेव्हा वापरली. थंडी तयार करण्याची वेळ आणि वापरण्याची वेळ यांची फारकत झाली. आजच्या सर्व पीसीएम योजनांचे सूत्र हेच आहे. फाळणीनंतर ही गाडी अमृतसरपर्यंतच धावू लागली आणि १९९६ साली तिचे नाव 'गोल्डन टेंपल मेल' झाले.

त्याच्याही शंभर वर्षे आधी बर्फ समुद्रमार्गे आपल्याकडे येत असे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली तेथील तळ्यांतील बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन बर्फ निघाला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला बर्फघरे बांधली गेली. विषुववृत्त दोनदा ओलांडून बर्फ टिकला कसा? एक, वितळण्यासाठी लागणारी ती ८० किलोकॅलरी. दोन, भोवती गच्च भरलेला लाकडाचा भुसा. आपल्या बाजारात लादी भुसा आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतात, ते याच कारणाने. थंडी साठवायची तर पदार्थ जितका महत्त्वाचा, तितकेच त्याचे पांघरूणही महत्त्वाचे.

दवाखान्यातील पेटी

१९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली तेव्हा आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. बूथवर ड्यूटी लागे. खांद्याला अडकवायची लसीची पेटी, तिच्यात चारी बाजूंनी गोठवलेले चार पॅक आणि मध्ये लसीच्या कुप्या. दुपार टळेपर्यंत पेटी गार राहिली पाहिजे, एवढीच काळजी. कुपीवरील चौकोनाचा रंग गडद झाला की ती लस बाद. बाहेर आया लेकरे घेऊन रांगेत उभ्या असत. त्या चार पॅकवर किती मुलांचे पाय अवलंबून आहेत, हा विचार तेव्हा मनात येई. २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या यशात बर्फाचाही वाटा आहे.

पुढे एका आरोग्य सेविका ताईंनी आम्हाला एक बारीक गोष्ट शिकवली. त्रिगुणी किंवा कावीळ-ब यांसारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात. म्हणून फ्रीझरमधून काढलेला पॅक तसाच पेटीत ठेवायचा नाही. तो उणे २० अंशांच्या आसपास असतो. त्याला घाम फुटू द्यायचा, हलवून पाहायचा, आत पाणी खळखळले की मगच ठेवायचा. का? कारण वितळायला लागलेला बर्फ शून्याच्या खाली नसतो. जोसेफ ब्लॅकचा नियम ताईंना त्या खळखळाटातून ठाऊक होता!

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवण्याचा जो खास फ्रीज असतो, त्याच्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते. दिवसाच्या २४ तासांत सलग ८ तास वीज मिळाली तरी तो लस सांभाळतो. बाकीचे १६ तास ते अस्तर काम करते. ज्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे याहून मोठी सोय कोणती?

हीच कल्पना आता दुधालाही लागू झाली आहे. पुण्यातील प्रोमिथियन या कंपनीने खेड्यातील दूध संकलन केंद्रांसाठी असे यंत्र तयार केले आहे की वीज असेल तेव्हा ते थंडी साठवते आणि दूध आले की झटपट गार करते. डिझेल जनित्राची गरज उरत नाही. जन्मतः श्वास न घेतलेल्या बाळांच्या मेंदूला इजा होऊ नये म्हणून त्यांचे शरीर तीन दिवस ३३ ते ३४ अंशांवर ठेवावे लागते. त्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साहाय्याने प्लस या भारतीय कंपनीने 'मिराक्रेडल' नावाचा पाळणा बनवला आहे. त्यातही असेच वितळणारे पदार्थ वापरले आहेत.

मेण, मीठ आणि खोबरेल तेल

आता कोणी म्हणेल, बर्फ आहे तर दुसरे पदार्थ कशाला? कारण बर्फ शून्य अंशालाच गोठतो. तेवढी थंडी तयार करायला यंत्राला उणे पाच अंशांपर्यंत उतरावे लागते आणि जितके खाली उतरावे तितकी वीज जास्त लागते. विहीर जितकी खोल तितके पाणी ओढायला कष्ट अधिक, तसेच हे. आपल्याला खोली २५-२६ अंशांवर हवी असेल, तर शून्यापर्यंत उतरायची गरज काय?

म्हणून शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे पदार्थ शोधले. पॅराफिन मेणाचे प्रकार १८ अंशांना, २८ अंशांना असे हव्या त्या तापमानाला वितळतात. पाणी धरून ठेवणारे काही क्षारही चालतात. सोडियम सल्फेटचे स्फटिक सुमारे ३२ अंशांना, कॅल्शियम क्लोराइडचे सुमारे २९ अंशांना वितळतात.

आपल्या घरातला पीसीएम म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. तेल सुमारे २४ अंशांना गोठते. डिसेंबरात सकाळी ती उन्हात ठेवावी लागते आणि मे महिन्यात तेल पाण्यासारखे वाहते. या बाटलीत आपल्या गावासाठी मोठा धडा आहे. तो पुढे येईलच.

या पदार्थांचे दोषही सांगितले पाहिजेत. मेण जळते. जेथे मुले बसतात तेथे भिंतीत किंवा छतात मेण भरताना दहा वेळा विचार करावा लागेल. क्षार जळत नाहीत, पण पुन्हा पुन्हा वितळून गोठल्यावर त्यातील मीठ खाली बसते आणि पाणी वर राहते. मग ते पूर्वीसारखे गोठत नाही. १९४८ साली अमेरिकेत मारिया टेल्केस या संशोधक बाईंनी डोव्हर गावी एक घर सोडियम सल्फेटच्या साहाय्याने सूर्याच्या उष्णतेवर उबदार ठेवण्याचा प्रयोग केला. दोन हिवाळे ठीक गेले, तिसऱ्यात क्षार फुटला आणि घराला दुसरी व्यवस्था करावी लागली. आज या दोषांवर बरेच उपाय निघाले आहेत, तरी विक्रेत्याला 'किती वेळा वितळून गोठले तरी टिकेल?' हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोठ्या इमारतीत कसे चालते?

न्यूयॉर्कमधील बँक ऑफ अमेरिका टॉवर या उंच इमारतीच्या तळघरात बर्फाच्या ४४ टाक्या आहेत. रात्री कचेऱ्या बंद असतात आणि बाहेरची हवाही थोडी गार असते. तेव्हा यंत्र टाक्यांतील पाणी गोठवते. दिवसा टाक्यांतील नळ्यांतून द्रव फिरतो, बर्फाची थंडी घेतो आणि ती मजल्यामजल्यावर पोचवतो. दुपारी सगळ्या शहराचे एसी एकदम चालू असतात, त्या वेळी या इमारतीची विजेची मागणी कमी राहते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या युक्तीने विजेचे एकूण युनिट फारसे वाचत नाहीत, कधी थोडे वाढतातही. बदलते ती वीज वापरण्याची वेळ. फायदा चार प्रकारचा आहे. रात्री वीज स्वस्त असेल तर बिल कमी येते. एकदम लागणारा भार कमी झाल्याने वीजजोडणी लहान चालते. यंत्रही लहान चालते. आणि वीज गेली तर फक्त छोटा पंप आणि पंखे चालवावे लागतात. ते इन्व्हर्टरवरही चालतात. आमच्या दोन मुलींना घेरी आली त्या दिवशी हाच चौथा फायदा कामी आला असता.

आपल्या सभागृहाचा हिशेब

बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ६० विद्यार्थी बसले की जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे ६० दिवे लावल्यासारखे आहे. एवढ्यालाच पावणेदोन टनाचा एसी लागेल. वर तापलेला पत्रा, पश्चिमेच्या खिडक्या आणि उघडे-मिट होणारे दार. सर्व मिळून सभागृहाला १० टन लागतात आणि ते रोज ६ तास चालते असे धरू.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वही काढून पडताळा घ्यावा. १० टन म्हणजे सुमारे ३५ किलोवॅट. गुणिले ६ तास म्हणजे सुमारे २११ किलोवॅट-तास. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. यावरून रोज सुमारे २,२७० किलो बर्फ लागेल. त्याचे आकारमान अडीच घनमीटर, म्हणजे नळ्या आणि पांघरूण धरून एका लहान खोलीत बसेल एवढी टाकी. हीच थंडी नुसत्या गार पाण्यात साठवायची आणि पाणी ८ अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर सुमारे २२ ते २३ हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे हजार लिटरच्या बावीस-तेवीस काळ्या टाक्या! अवस्था बदलण्याचा फायदा येथे डोळ्यांनी दिसतो. आणि यंत्र रात्री १० तास व दिवसा ६ तास असे मिळून चालवले, तर १० टनांऐवजी सुमारे ५ टनांचे पुरते.

आता दुसरी बाजू. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि वेळेनुसार दर ठरवण्याचा मार्ग घातला. त्यातील धोरण असे की सूर्यप्रकाशाच्या वेळी वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग. सौर वीज वाढत चालल्याने दुपार ही आता टंचाईची वेळ राहिलेली नाही. राज्याराज्यात अंमल वेगळा असला तरी वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते स्पष्ट आहे. न्यूयॉर्कमधील कचेरीसाठी रात्र स्वस्त असेल. आपल्या शाळेला गारवा हवा असतो तो दुपारी, आणि ऊनही दुपारीच असते. छतावर सौर पॅनेल बसवले तर ती वीज त्याच वेळी वापरता येईल, साठवण्याचे कामच कमी पडेल. थंडी साठवण्याचा खरा उपयोग वसतिगृह, दवाखाना, दूध केंद्र अशा ठिकाणी, जेथे सूर्य मावळल्यावरही गारवा लागतो.

आणि भिंतीत किंवा छतात पीसीएम बसवून, यंत्राशिवाय, रात्रीच्या हवेने ते गोठवायचे म्हटले तर? येथे खोबरेल तेलाच्या बाटलीचा धडा आठवा. आपल्या भागात मे महिन्यातील कित्येक रात्री पारा २५-२६ च्या खाली उतरत नाही. मग २६ अंशांना वितळणारा पदार्थ एकदा वितळला की रात्री पुन्हा गोठणार नाही. दुसऱ्या दिवशी तो भिंतीतील निव्वळ ओझे होईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उपयोगी पडेल, पण जेव्हा खरी गरज तेव्हाच दगा देईल. ज्या खोलीत मे महिन्यात पहाटे खोबरेल तेल गोठत नाही, त्या खोलीच्या भिंतीत असा पदार्थ बसवू नये. ही परीक्षा कोणीही घरी करू शकतो.

मग शाळेने काय करावे?

आम्ही अभियंता नाही. तरी वाचून, हिशेब करून आणि जाणकारांना विचारून आमचे मत असे झाले आहे.

पहिले, आधी उष्णता आत येऊ देऊ नये. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग आणि खाली हवेची पोकळी ठेवून छत. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताट्या. रात्री झरोके उघडे. थंडी विकत घेण्यापेक्षा ऊन अडवणे नेहमीच स्वस्त.

दुसरे, आपला उन्हाळा कोरडा आहे. पाण्याची वाफ होतानाही अवस्था बदलते, आणि त्यात १ लिटर पाणी सुमारे ५८० किलोकॅलरी ओढून घेते. म्हणजे सात किलो बर्फाचे काम! आपला माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. परीक्षेच्या दिवसांत सभागृहाला दोन मोठे कूलर आणि त्यांच्यापुरता इन्व्हर्टर घ्यावा. पाण्याची टंचाई असते, हे आम्ही जाणतो. म्हणून तेवढ्या पाण्याची तरतूद आधी ठरवूनच हे करावे.

तिसरे, उन्हाचा वेळ टाळावा. एप्रिल-मे महिन्यांत कलबुरगी विभागातील सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ते दुपारी दीड अशा चालवल्या जातात, त्यात शहाणपण आहे. आमचे जादा तास यंदा सकाळी साडेसातला सुरू होऊन साडेदहाला संपतील. हा निर्णय आमच्या हातातील होता, तो आम्ही घेतला आहे. मागील वर्षी घेतला असता तर त्या दोन मुलींना त्रास झाला नसता. ती चूक आमची.

चौथे, नवीन इमारतीचा आराखडा विश्वस्त मंडळापुढे येईल तेव्हा त्यात मुलींच्या वसतिगृहाचा विचार असल्यास, थंडी साठवण्याच्या टाकीसाठी तळमजल्यावर जागा राखून ठेवावी आणि अनुभवी अभियंत्याकडून अंदाज मागवावा. नंतर जागा शोधणे महाग पडते.

त्या पालकांना आमचे उत्तर असे: तुमची कल्पना बरोबर आहे आणि जुनीही आहे. फ्रंटियर मेल तिच्यावर धावली, लसीच्या पेट्या तिच्यावर चालतात. आज आपल्या सभागृहाला तिची गरज नाही, उद्या वसतिगृहाला लागेल. त्या दिवशी सभेत आम्ही विषय टाळला, याबद्दल क्षमस्व.

घरी करून पाहा

१. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत १०० ग्रॅम बर्फ, दुसरीत १०० ग्रॅम फ्रीजमधील गार पाणी. दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढा. कोणत्या वाटीची रेषा आडवी राहिली?

२. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा भुशात किंवा लोकरीच्या कापडात गुंडाळा. कोणता आधी वितळतो? कापड तर 'गरम' असते ना? विचार करा.

३. खोबरेल तेलाची लहान बाटली वर्षभर खिडकीत ठेवा. रोज सकाळी तेल गोठलेले आहे की पातळ, ते वहीत लिहा. वर्षाच्या शेवटी हुमनाबादच्या रात्रींचा तक्ता तुमच्या हाती असेल.

तिसऱ्या प्रयोगाच्या वह्या आम्हाला खरोखर हव्या आहेत. त्या जपून ठेवल्या जातील आणि नव्या इमारतीचा आराखडा तयार होईल तेव्हा अभियंत्यांपुढे ठेवल्या जातील. विद्यार्थ्यांनी मोजलेल्या आकड्यांवर शाळा बांधली जावी, याहून आनंदाची गोष्ट आम्हाला दुसरी नाही.

सर्वांना उन्हाळ्यात तब्येत सांभाळण्याच्या शुभेच्छा. पाण्याची बाटली आणि डोक्यावर टोपी विसरू नये.

आपला,
मुख्याध्यापक